दार उघडले, पण कडी कोणाच्या हातात?



पोळा तोंडावर आला होता. कोणी बैलांच्या साजाच्या, कोणी खताच्या पोत्याच्या विवंचनेत होते. अशात १९ ऑगस्ट २०२५ पासून दिल्लीने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. मुदत सांगितली ३० सप्टेंबरची. तेव्हा आमच्यातल्याच काही भोळ्यांनी समजूत घातली, की सप्टेंबरात आपला कापूस कुठे बाजारात येतो, कशाला ओरडता? गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे दसऱ्याची वेचणी, दिवाळीची वेचणी आणि देणेकऱ्याला तोंड दाखवायचा सगळा काळ त्या मुदतीत आला.

कारण काय सांगितले? अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, कपड्याची निर्यात अडचणीत आली, गिरण्यांना स्वस्त कापूस हवा. वा! मार अमेरिकेने गिरणीला दिला आणि वळ उमटवला आमच्या पाठीवर. गिरणीला मदत करायची होती तर तिजोरीतून करायची होती. तिजोरी सगळ्या देशाची आहे. पण मदत निघाली ती कोरडवाहू कास्तकाराच्या गाडीतल्या कापसातून.

आता कोणी म्हणेल, संकट मोठे होते, एखाद्या वेळी असे करावे लागते. मग २०२२ चे काय? त्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. कैक वर्षांनी आमच्या घरात चार पैसे येताना दिसले. १४ एप्रिल २०२२ पासून हेच शुल्क काढून टाकले गेले. तेव्हा कारण होते, कापूस महाग झाला म्हणून गिरणी अडचणीत. भाव चढला तरी गिरणी अडचणीत, परदेशातले गिऱ्हाईक तुटले तरी गिरणी अडचणीत. शेतकरी अडचणीत आला म्हणून गिरणीने महाग कापूस घ्यावा, असा हुकूम निघालेला आम्ही तरी पाहिला नाही.

याला ते जागतिकीकरण म्हणतात.

पंडितांचे पुस्तक काय सांगत होते ते आठवा. गरीब देशात माणसे जास्त आणि भांडवल कमी. दारे उघडली, की हातांनी केलेल्या कामाला, मातीतून काढलेल्या मालाला जगाचे गिऱ्हाईक मिळेल, मजुराची मजुरी वाढेल, गरीब-श्रीमंत यांतली दरी कमी होईल. पुस्तकात चूक नव्हती असे आम्ही आजही म्हणतो. चीन, व्हिएतनाम या देशांनी दारे उघडून कोट्यवधी लोकांना दारिद्र्याबाहेर काढले, हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण त्याच चीनमध्ये शहर आणि खेडे यांतले अंतर किती वाढले, तेही पाहावे लागेल. आणि आपल्याकडे? थॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. १९८२ च्या सुमारास देशाच्या उत्पन्नातला साधारण ६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे जात होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. शंभरातला एक माणूस जवळपास चौथा हिस्सा उचलून नेतो.

खालच्या बाजूचा आकडा सरकारचाच आहे. २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न निघाले १०,२१८ रुपये. त्यात पिकापासून ३,७९८ आणि मजुरीपासून ४,०६३. नीट वाचा. सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याला त्याच्या पिकापेक्षा दुसऱ्याच्या कामावर जास्त मिळते. सरकारी कागदानेच ठरवून टाकले, की आम्ही आधी मजूर आणि फावल्या वेळचे शेतकरी!

मग पुस्तक बरोबर आणि निकाल असा उलटा कसा? आमचे उत्तर एका वाक्यात आहे. बाजार खुला झालाच नाही, बाजाराला दार बसवले गेले आणि त्याची कडी एकाच बाजूला ठेवली.

तारखा पाहा. परदेशी कापूस मोकळेपणाने आणायची परवानगी मिळाली एप्रिल १९९४ मध्ये. आपला कापूस बाहेर पाठवायला मात्र कोटा होता. दिल्लीने परवानगी दिली तेवढ्याच गाठी जाणार, त्याही ज्याला कोटा मिळाला त्याच्या हातून. १९९५ मध्ये जगात कापसाने पौंडाला एक डॉलर ओलांडला होता. तो डॉलर आमच्या गावापर्यंत पोचला नाही. महाराष्ट्रात तर त्या वेळी एकाधिकार खरेदी होती. आपलाच कापूस गाडीत भरून मध्य प्रदेशात किंवा आंध्रात नेला, की सीमेवर पोलीस उभे. ग्रेडरने लावली ती प्रत, फेडरेशनने ठरवला तो भाव आणि चुकारा मिळेल तेव्हा मिळेल. या राज्यातल्या कास्तकाराला जग सोडा, शेजारचा जिल्हासुद्धा परदेश होता.

निर्यात मोकळी केव्हा झाली? जुलै २००१ मध्ये. तोवर जगाचा भाव घसरणीला लागला होता, त्याच साली तो पौंडाला ४० सेंटच्या खाली गेला. खळे वारून झाल्यावर वारा सुटला! पुढे जुलै २००८ मध्ये आयात शुल्क साफ काढले, ते २०२१ च्या अर्थसंकल्पापर्यंत परत लागले नाही. आणि जगाचा भाव चढू लागला तशी एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली. पुढच्या हंगामात ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. मार्च २०११ मध्ये जगात कापूस दोन डॉलरच्या वर होता, तेव्हा आमच्या दाराला कुलूप. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी आली. ओरड झाली म्हणून आठवडाभरात उठवली, पण तेवढ्यात ज्याला पडेल भावात घ्यायचे होते त्याने घेतले. बंदी एका आठवड्याची असते, तिची धास्ती व्यापारी हंगामभर आमच्या भावातून कापून घेतो.

भाव पडतात तेव्हा जग आमच्या अंगणात आणि भाव चढतात तेव्हा आम्ही घरात कोंडलेले, हा तीस वर्षांचा रिवाज आहे. काँग्रेसवाले होते तेव्हा तोच, भाजपवाले आले तेव्हाही तोच.

आमची चळवळ पूर्वीपासून उण्या सबसिडीचे सांगत आली. लोक हसत. शेतकऱ्याला खत, वीज फुकटात मिळते, याची कसली उणी सबसिडी? २०१८ मध्ये ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर संस्था यांनी मिळून हिशेब काढला. सरकार देते ते सगळे धरले, निर्यातबंद्या आणि बाजारबंधने यांनी नेले ते सगळे धरले. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नातून दरवर्षी सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले असे निघाले. सतरा वर्षांचे मिळून २०१७-१८ च्या किमतीत सुमारे ४५ लाख कोटी रुपये. कर्जमाफीच्या नावाने आम्हाला भिकारी म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर झाले. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते. कापसाचा भाव नव्हता.

आता पलीकडच्या बाजूला जाऊ. जगाचा भाव ४० सेंटच्या खाली गेला तेव्हा अमेरिकेचा कापूसवाला का बुडाला नाही? कारण त्याच्या सरकारने २००२ च्या कायद्यात ७२.४ सेंटचा लक्ष्यभाव लिहून दिला. बाजारात कितीही मिळो, फरक तिजोरीतून. तिथे कापूस पिकवणारे जेमतेम पंचवीस हजार, आणि २००१-०२ मध्ये त्यांना मिळाले तीन अब्ज डॉलरपेक्षा जास्त. भाव पडला तरी त्याने पेरा कमी केला नाही. कशाला करील? त्याने पिकवत राहायचे, बाजारात ओतत राहायचे, आणि पडलेल्या भावाचा भार बाकी जगाने उचलायचा.

बाकी जग म्हणजे आम्ही एकटे नव्हे. आफ्रिकेच्या पश्चिमेला माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हे चार देश आहेत. कोरडवाहू शेती, बैल, नांगर, हाताने वेचणी. आमचेच भाऊबंद समजा. मालीत तर सगळा कापूस एकाच सरकारी कंपनीला घालावा लागे. आमच्या फेडरेशनची सख्खी बहीणच ती! भाव कंपनी ठरवणार, पैसे कंपनी देईल तेव्हा. २००० साली तिथल्या कास्तकारांचा संयम संपला आणि त्यांनी कापूस पेरायचाच नाही असे ठरवले. त्या वर्षी मालीचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. रस्ता रोको नाही, रेल रोको नाही, नुसती तिफण थांबवली.

या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी ठेवली. आम्हाला मदत नको, तुमच्या कापसावरची सबसिडी बंद करा आणि ती बंद होईपर्यंत आमची भरपाई द्या, हे मागणे. एक कोटीहून जास्त लोकांचे पोट त्या कापसावर होते. सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकुनला परिषद भरली. तिथे त्यांना उत्तर काय मिळाले? कापसावर अवलंबून राहू नका, दुसरी पिके घ्या. हे वाक्य ऐकलेसे वाटते ना? आपल्याकडचा कृषी अधिकारीही तेच सांगतो.

ब्राझीलने मात्र २००२ मध्येच अमेरिकेवर दावा लावला होता. निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, अपिलात २००५ मध्ये तोच कायम राहिला. अमेरिकेने खळखळ केली, मग २०१० पासून वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे कबूल केले. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आनंद आहे. पण हे पैसे मिळाले ब्राझीलला. बेनिन आणि चाड हे या दाव्यात तिसरे पक्षकार म्हणून उभे होते. त्यांच्या शेतकऱ्याच्या हाती छदाम पडला नाही. ब्राझीलचा कापूसवाला म्हणजे हजारो हेक्टरांचा धनी, वकील लावू शकणारा, सरकारकडून दावा लढवून घेणारा. २०२३-२४ मध्ये त्याने अमेरिकेलाही मागे टाकून कापसाच्या निर्यातीत पहिला नंबर पटकावला. एकाच निकालात एक गरीब देश सावकार झाला आणि दुसरा होता तिथेच राहिला. विषमता गोऱ्या आणि काळ्या देशांतच वाढते असे नाही, गरिबा-गरिबांतही वाढते. ज्याच्या हाताला कडी लागली तो तरला.

आणि आमचे हात स्वच्छ आहेत असेही समजू नका. पऱ्हाटीतल्या तुरीची गोष्ट घ्या. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांवर गेली तेव्हा दिल्ली घाबरली. २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिकशी तूर घ्यायचा करार केला. तिथल्या लहान शेतकऱ्याने आमच्या सरकारच्या भरवशावर तूर पेरली. तो स्वतः ती फारशी खात नाही. इकडे आमच्याकडे पीक उदंड आले, ५,०५० चा आधारभूत भाव कागदावर राहिला आणि खरेदी केंद्रापुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. मग ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. तेव्हा मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. आमचा भाव पाडायला त्याला बोलावले आणि मग त्याचा भाव पाडून त्याला परत पाठवले. दोन देशांचे दोन कोरडवाहू कास्तकार एकाच बाबूच्या सहीने नागवले गेले. पुढे १५ मे २०२१ पासून तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली आणि मुदतीमागून मुदत वाढत गेली.

आमचे काही डावे मित्र म्हणतात, म्हणूनच सांगतो, दारेच बंद करा, जग नको. त्यांना आम्ही ज्वारी दाखवतो. ज्वारीत कोणते जागतिकीकरण शिरले होते? परदेशी ज्वारी आमच्या ताटात आली नाही, आमची ज्वारी जगात गेली नाही. अमेरिकेची ज्वारी जहाजात बसून चीनला जाते, आमची आठवडी बाजारात पोत्यावर बसून राहते. तिचा भाव पाडला तो राशनच्या स्वस्त गव्हा-तांदळाने. गरिबाला धान्य मिळू नये असे कोणी म्हणत नाही. पण सरकारने गहू-तांदूळ भाव देऊन उचलायचा आणि खरिपाच्या काळ्या पडलेल्या ज्वारीकडे पाहायचे नाही, यात कोरडवाहूवाला मेला. खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आले आणि कडब्यावाचून गोठाही रिकामा झाला. २०२३ साल भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. मॉलमध्ये ज्वारीची पाकिटे लागली, त्यांचा भाव आणि आमच्या पोत्याचा भाव एकमेकांना ओळखतही नाहीत. २०२५-२६ साठी मालदांडीला ३,७४९ रुपयांचा आधारभूत भाव जाहीर झाला. तुमच्या बाजारात त्या भावाने किती पोती मोजली गेली, ते तुम्हीच सांगा. बंद दाराआड ज्वारी सुखी नव्हती.

डंकेल प्रस्तावावर देशभर होळ्या पेटत होत्या तेव्हा शरद जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले आणि आम्ही त्यांच्यामागे उभे राहिलो. आज त्याबद्दल पश्चात्ताप नाही. पण एक गोष्ट आम्ही कमी बोललो, ती आता बोलली पाहिजे. भाव वर आला की तो सगळ्यांपर्यंत सारखा पोचेल, असे आम्ही धरून चाललो. तसे होत नाही. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपयांचा आधारभूत भाव होता. खुल्या बाजारात हंगामाच्या तोंडी सातेक हजारांची भाषा होती. म्हणजे सरकारी खरेदीत घातला तर क्विंटलमागे हजाराचा फरक. पण सरकारी खरेदीसाठी मोबाईलवर नोंदणी हवी, तारीख मिळायला हवी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, गाडीभाडे खिशात हवे. वीस एकरवाला कापूस घरात थप्पी मारून वाळवतो, थांबतो, नंबर लावतो. चार एकरवाल्याने दुकानदाराचे खत उधार आणलेले. तो दिवाळीआधी ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर टाकतो. आणि जी बाई दिवसभर वाकून दहा रुपये किलोच्या आसपास वेचते तिच्या हिशेबात ८,११० हा आकडाच नाही. आयात शुल्क हटले तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मार बसला तो काट्यावर टाकणाऱ्याला. वीस एकरवाल्याने हे ऐकताना मान खाली घालायची गरज नाही. फक्त सभेत आपण बोलतो तेव्हा चार एकरवालाही बोलतो का, एवढे पाहावे.

एक साधा हिशेब चुलीपाशी बसून करा. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. सूत काढताना तूट जाऊन त्यात शंभरेक सदरे होतात. सदरा दुकानात आठशेला धरला तर ऐंशी हजार झाले. आम्हाला त्या क्विंटलचे सात हजार मिळाले, त्यात सरकीची किंमतही आली. म्हणजे सदऱ्यामागे सत्तर रुपये. कापूस हजार रुपयांनी महाग झाला तर सदरा दहा रुपयांनी महाग होईल. एवढ्या दहा रुपयांसाठी देशाचे धोरण फिरते!

आणि बियाण्याचे ऐका. अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये तणनाशक सहन करणारा कापूस पेरतात. आमच्याकडे त्या बियाण्याला मंजुरी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात आपल्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरले, तर गुन्हे दाखल झाले. त्याच बियाण्याचा कापूस २०२५ मधल्या त्या मुदतीत जहाजातून आला तर त्यावर शुल्कही नव्हते. पेरला तर गुन्हा, आणला तर धोरण. निंदणीचा खर्च आम्ही करायचा आणि ज्याला तो करावा लागत नाही त्याच्या भावाशी बरोबरी करायची, ही कुठली शर्यत?

जिल्हा मेळाव्यात जो ठराव मांडायचा आहे त्यात आम्ही पुढील मजकूर सुचवतो. कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण मृगाच्या पेरणीआधी जाहीर व्हावे आणि पुढच्या मृगापर्यंत त्याला कोणी हात लावू नये. मध्येच बदल करून सरकारने भाव पाडला, तर पाडलेल्या भावाचा फरक सरकारने काट्याच्या पावतीवर द्यावा, मोबाईलच्या नोंदणीवर नव्हे. खेडा खरेदीवाल्याने पावती देणे सक्तीचे असावे. निर्यातबंदी पुन्हा कधीही होऊ नये. ज्या बियाण्याचा कापूस देशात यायला चालतो ते बियाणे देशात पेरायलाही चालावे. ज्वारीची खरेदी गव्हासारखीच व्हावी, नाहीतर राशनच्या गव्हाचे नाव घेऊन ज्वारीवाल्याला उपदेश करू नये. वेचणीच्या मजुरीचे कलम महिला आघाडीने लिहून आणावे, आम्ही ते पुरुषांनी लिहिलेले नाही.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने गेल्या तीन हंगामांच्या कापूस विक्रीच्या पावत्या आणाव्यात. पावती नसेल तर तारीख, वजन आणि भाव कागदावर लिहून आणा, घेणाऱ्याचे नाव लिहिले नाही तरी चालेल. मंडपात एका बाजूला दिल्लीच्या हुकमांच्या तारखा लावलेल्या असतील. तुमच्या तारखा त्यांच्याशेजारी लावू.